बेड बदला

आमच्या घरात इंग्रजीत जे काही येतं ते माझ्या वाट्याला येतं. बँकेचं पत्र, मिक्सरच्या खोक्यावरच्या सूचना, पप्पांच्या रिपोर्टमधले शब्द. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले, तर घराला त्याचा काहीतरी उपयोग व्हावा असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यात काही चूक नाही. अडचण एवढीच, की मला वाचता येतं, बोलता येत नाही. म्हणजे येतं, दोन्ही भाषांत येतं; पण समोर माणूस असला, किंवा त्याहून वाईट म्हणजे फोनवर माणूस असला, की वाक्य घशात तयार होऊन तिथेच बसून राहतं. म्हणून वाचायचं मी आणि फोन करायचा मम्मीनं, अशी आमची वाटणी झाली. पप्पांचं ऑक्सिजनचं मशीन घरी आलं तेव्हाही ती तशीच राहिली. पुढचा घोटाळा त्या वाटणीतूनच झाला.

पप्पा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओततात. डॉक्टर म्हणाले, बारीक वाळू वर्षानुवर्षं आत गेली, फुफ्फुसं घट्ट झाली. पप्पा म्हणतात, वाळूनं काही होत नाही, बिड्यांनी झालं. वाळूला कुणी नावं ठेवलेली त्यांना आवडत नाहीत. काहीही असो, गेल्या वर्षीपासून त्यांना खोलीतल्या हवेवर भागत नाही. बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून बघितलं तर चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. मशीनची नळी नाकाला असली की एक्क्याण्णव, ब्याण्णव. मधल्या या सहासात आकड्यांत आमचं सगळं घर राहतं. तेवढे आकडे असले की पप्पा चहा पितात, पेपर वाचतात, शेजाऱ्यांना टोमणे मारतात. आकडे गेले की नुसते बसून राहतात, हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर-खाली.

मशीन नवं नव्हतं. गारगोटीच्या मामांच्या ओळखीतलं कुरुंदवाडचं एक घर, त्यांनी ते कोविडमध्ये घेतलेलं. नंतर त्यांच्याकडे ते माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडून होतं. मामांनी ते टेम्पोत घालून आणलं, हॉलमध्ये पप्पांच्या खाटेशेजारी ठेवलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘‘घे, वाच. तुझ्याच भाषेत हाय.’’

मशीनचं काम सांगायला सोपं आहे. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला नायट्रोजन अडवायचा आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून सोडायचा. दर काही सेकंदांनी ते फुस्स करून सुस्कारा टाकतं, आणि मधल्या वेळात जुन्या फ्रिजसारखं घरघरतं. पप्पांनी पहिल्या दिवशी नळी नाकात घातली, कानांमागून वळवली आणि आरशात बघून म्हणाले, ‘‘बैलाला येसण घालत्यात तशी घातली मला.’’

मशीनची निगा माझ्याकडे. पाण्याची बाटली रोज धुवायची, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर रेषेपर्यंतच भरायचं. ‘‘बॅटरीत घालत्यात तेच की, एवढं काय त्यात,’’ असं पप्पा रोज म्हणत. नळी कुठे दुमडली नाही ना ते बघायचं. आणि दर रविवारी मागच्या जाळीतला स्पंजाचा फिल्टर काढून धुवायचा. पुस्तकात लिहिलं होतं की पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं कोल्हापूरचा जुलै बघितला नसावा. आमच्या कळंब्याच्या बाजूला त्या महिन्यात दोरीवरचे रुमाल तीन दिवस वाळत नाहीत. फिल्टर एकच होता, आणि त्याच्याशिवाय मशीन चालवायचं नाही असंही त्याच पुस्तकात होतं. मग मी तो टॉवेलमध्ये दाबायची, पंख्याखाली धरायची, आणि बोटाला अजून गार लागत असतानाच बसवून टाकायची. कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

श्रावण सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात हिरव्या दिव्याच्या जागी पिवळा लागला.

पिवळा म्हणजे मशीन चालू आहे, हवा येते आहे, पण तिच्यात ऑक्सिजन कमी आहे. हे फार फसवं असतं. आवाज तोच, सुस्कारा तोच, नाकाला वारा तसाच लागतो. फक्त पप्पांच्या बोटावर शहाऐंशी. मी पुस्तक घेऊन बसले. फिल्टर बघा, बघितला. नळी बघा, बघितली. बाटलीचं झाकण घट्ट आहे का, होतं. त्यानंतरच्या पानावर मशीनच्या पोटाचं चित्र होतं आणि आत दोन उभे डबे होते. त्यांना सीव्ह बेड म्हणतात. त्यांत बारीक खडे भरलेले असतात, तेच नायट्रोजन अडवतात. ते खराब झाले तर कारागिराला बोलवा. सीव्ह म्हणजे चाळण, बेड म्हणजे खाट. चाळणीची खाट, असं माझ्या मनात आलं आणि मला थोडं हसूही आलं. म्हणजे मला ठाऊक होतं. हे इथेच सांगून ठेवते.

मशीनला पर्याय म्हणून आम्ही भाड्याचा सिलिंडर आणून ठेवला होता. मम्मीनं नळी त्याला जोडली. सिलिंडरला काटा असतो. तो भरलेल्या बाजूकडून रिकाम्या बाजूकडे सरकतो, आणि तो सरकताना दिसत नाही. दुसरं काम करून परत बघितलं की सरकलेला असतो. मम्मी मागच्या दारात गेली आणि तिनं पेठ वडगावच्या कारागिराला फोन लावला. हा माणूस जिल्हाभर फिरून ही मशीनं दुरुस्त करतो. तो मोटरसायकलवर होता. मम्मी दोन-तीनदा ‘‘काय? काय म्हणलासा?’’ असं ओरडली आणि आत आली.

‘‘बेड गेलाय म्हणतोय.’’

‘‘कसला बेड?’’ पप्पांनी विचारलं.

‘‘कसला म्हंजे? बेड. बेड बदला म्हणाला, त्याशिवाय हुणार न्हाय म्हणाला.’’ आणि तिनं खाटेकडे बघितलं.

खाट लोखंडी होती, माझ्या जन्माआधीची. तिच्यावर कापसाची गादी. थोपटली की उन्हाच्या पट्ट्यात धूळ उडताना दिसायची. डॉक्टरांनी धूळ टाळा असं आधीच सांगितलं होतं. त्यामुळे मम्मीच्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. गादीची धूळ मशीनमध्ये जाते, मशीन बिघडतं. कारागिराला हे लांबून कळलं, आणि आपल्याला इतके दिवस शेजारी बसून कळलं नाही. ती स्वतःवरच चिडली. तिनं लगेच मामांना फोन केला. मामा अशा कामाला कधीच नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गारगोटीच्या एका दुकानातून फोमच्या गादीचा बेड टेम्पोत घालून घेऊन आले.

मी काय करत होते, असं मला नंतर स्वतःलाच विचारावंसं वाटलं. मी दारात उभी होते. मला चित्रातले दोन डबे दिसत होते. पण मनात असंही येत होतं, की तो माणूस रोज हेच काम करतो, त्याला खाटच म्हणायची असेल तर? मी पुस्तकातलं एक पान वाचलेली. एवढ्या लोकांसमोर बोलायचं आणि चुकलं तर? शेजारच्या दोघीजणी बघायला आल्या होत्या. जुनी खाट बाहेर काढताना मम्मी पलीकडच्या टोकाला होती. मी म्हणाले, ‘‘मम्मी, बेड म्हणजे मशीनच्या आतला…’’

‘‘आधी ती बाजू धर,’’ मम्मी म्हणाली.

मी धरली.

पप्पा पॅसेजमध्ये खुर्चीवर, सिलिंडरची नळी नाकाला लावून सगळं बघत होते. नवा बेड आत आला, त्याच्यावरचं प्लॅस्टिक निघालं, तसे म्हणाले, ‘‘रुखवतातला पलंग आल्यागत दिसतोय. परत लगीन लावताय काय माझं?’’

‘‘गप बसा,’’ मम्मी म्हणाली. ‘‘बोलला की दम लागतोय तुमास्नी.’’

पप्पांना नव्या बेडवर बसवलं. मशीन लावलं. हिरवा दिवा लागला. मम्मीनं शेजारणीकडे बघितलं. पाच मिनिटं गेली आणि दिवा पिवळा झाला.

‘‘फोमचा वास मारतोय,’’ मामा म्हणाले. ‘‘तेवढा गेला की हुतंय बघ बरोबर.’’

‘‘एक दिवस जाऊ दे,’’ मम्मी म्हणाली. ‘‘बेड नवा हाय.’’

मामा चहा पिऊन गेले. मशीन बंद केलं, सिलिंडर परत लावला. आणि तो काटा. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. मामांच्या उत्साहाचा, मम्मीच्या घाईचा, ‘बेड’ हा शब्द कुठल्याही गोष्टीला लावणाऱ्या इंग्रजांचा. स्वतःचा सगळ्यात जास्त. पण तो असा राग होता की त्याचं काहीच करता येत नाही, भांडी घासताना नळ जोरात सोडता येतो एवढंच.

सकाळी काटा पाव भागावर आला होता. पप्पांनी मला हाक मारली.

‘‘त्या पुस्तकात काय लिवलंय गं?’’

मी चित्राचं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाकी कुणी नव्हतं, म्हणून मला सांगता आलं. आत दोन डबे असतात, त्यांत बारीक खडे असतात, हवा एका डब्यात दाबून भरतात, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, मग डबा मोकळा करतात, तोवर दुसरा डबा काम करतो. त्या डब्याला बेड म्हणतात.

पप्पांनी चित्रावर बोट फिरवलं. ‘‘खडे म्हंजे वाळूच की.’’

‘‘वाळूसारखेच.’’

‘‘मग वाळू वल्ली झाली असणार. आमच्याकडं वल्ली वाळू आली की साचा गेलाच. वाळूला पाणी मापात लागतंय. जास्त झालं की गेली कामातनं.’’ ते थोडं थांबले, श्वास घेतला. ‘‘आणि तुझ्या आईनं माझी खाट बाहीर काढली.’’

मग त्यांना हसू आलं. हसता हसता म्हणाले, ‘‘मशीनला काय कळतंय मी कशावर झोपलोय ते,’’ आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. बोटावर ब्याऐंशी आलं. मम्मी धावत आली, त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि माझ्यावर ओरडली, ‘‘हसवायलीस कशाला त्यास्नी?’’

आकडा वर यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत आम्ही तिघंही त्या चिमट्याकडे बघत होतो. मग पप्पांनीच तिला सांगितलं, बेड म्हणजे काय. बाहेर व्हरांड्यात उभी करून ठेवलेली खाट दिसत होती. मम्मीनं तिकडे एकदा बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

‘‘मी न्हाय आता फोन करणार,’’ ती म्हणाली. ‘‘काय तोंडानं सांगू त्याला? तू कर.’’

मी मेसेज लिहिला. नीट, मुद्द्यानं, इंग्रजीत लिहिला: मशीनचं नाव, पिवळा दिवा, काय काय तपासलं, सीव्ह बेड बदलायचे असल्यास किती दिवस लागतील. मला तो मेसेज आवडला होता. दहा मिनिटांनी त्याच्याकडून आवाजाचा मेसेज आला. मागे गाड्यांचा गोंगाट. ‘‘ताई, एवढं टाइप करू नका. मला वाचाय टायम न्हाय आणि इंग्लिश तर अजाबात न्हाय. बोला काय ते. बोलून पाठवा.’’

बोलून पाठवायचं म्हणजे आपलाच आवाज परत ऐकता येतो. मी सात वेळा रेकॉर्ड केलं आणि सात वेळा पुसलं. एकदा आवाज लहान मुलीसारखा आला, एकदा शाळेतल्या भाषणासारखा. एकदा मध्येच मम्मी ‘‘सांग त्याला लवकर ये म्हणून’’ असं ओरडली. शेवटी मी हॉलमध्ये गेले आणि सिलिंडरसमोर उभी राहिले, कारण काटा दिसत असला की शब्द निवडायला वेळ राहत नाही. म्हणाले, ‘‘सिलिंडर आज संध्याकाळपर्यंत पुरेल. मशीनमधले बेड गेलेत. तुम्ही आज या.’’ आणि पाठवून टाकलं.

तो दुपारी आला. रेनकोट दारात काढला, पाय पुसले आणि आत आला तो नव्या बेडकडे बघतच.

‘‘नवीन घेतला वाटतं, काकू? मस्त हाय.’’

मम्मी स्वयंपाकघरात गेली.

‘‘तुमीच सांगितलासा की, पावणं,’’ पप्पा म्हणाले. ‘‘बेड बदला म्हणून.’’

त्याला कळायला जरा वेळ लागला. आधी तो बेडकडे बघत राहिला, मग मशीनकडे, मग व्हरांड्यातल्या खाटेकडे. मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही, खाली बसला आणि कपाळाला हात लावला. ‘‘माझंबी चुकलं. आमी सगळीकडं बेडच म्हणतो. कुणी अजून खाट बदलली नव्हती, पण.’’

मग मात्र तो हसला. पप्पाही हसणार होते, पण त्यांनी हात वर करून स्वतःला थांबवलं.

त्यानं मशीन उघडलं. नळीला मीटर लावला. ऑक्सिजन निम्म्याहून थोडाच जास्त होता. तो नव्वद टक्क्यांच्या पुढे असायला हवा. डबे दाखवले, चित्रातल्यासारखेच होते, फक्त कळकट. हे आधी कुठे होतं, असं त्यानं विचारलं. माळ्यावर, दोन-तीन पावसाळे, मी सांगितलं. त्यानं मान हलवली. चालू नसलं की दमट हवा आत मुरते, म्हणाला. मग मागची जाळी काढून स्पंजावर अंगठा दाबला. त्याचा अंगठा ओला झाला नाही, पण त्यानं तो पँटला पुसला.

‘‘फिल्टर वल्ला लावत हुता काय?’’

‘‘ती धुतीया की दर रविवारी,’’ मम्मी आतून म्हणाली. ‘‘लई स्वच्छ ठेवती.’’

मशीन बंद होतं, त्यामुळे घरात शांत होतं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मम्मीच्या उत्तरावर गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं.

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘वाळत नव्हता. ओलसर असतानाच लावत होते.’’

‘‘तसं करू नका,’’ तो म्हणाला. एवढंच. ‘‘दोन ठेवा. एक लावायचा, एक वाळायचा. मी आणतो.’’ ओल आत कशानं गेली, माळ्यावरच्या दमटपणानं का माझ्यामुळे, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘आता कसं सांगायचं, ताई? पाणी कुठनं आलं ते वाळू सांगती व्हय?’’ मला ते सांगता यायला हवं होतं. माळ्यामुळे मशीन गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं, माझ्यामुळे गेलं असतं तर निदान शिक्षा ठरली असती. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी लटकत राहायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

नवे डबे पुण्याहून यायला तीन दिवस लागले. तोवर दोन सिलिंडर आणले. दुकानदाराशी फोनवर मीच बोलले, दोन्ही वेळा, आणि एकदा पत्ता चुकीचा सांगितला. सिलिंडरवाला पलीकडच्या कॉलनीत जाऊन आला आणि दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मी सगळं ऐकून घेतलं. त्या तीन दिवसांत पप्पा फार बोलले नाहीत. सिलिंडर जास्त वेळ टिकावा म्हणून डॉक्टरांना विचारून ऑक्सिजन थोडा कमी सोडला होता, आणि त्यामुळे टोमणे बंद झाले होते. टोमणे नसलेले पप्पा मला ओळखू येत नव्हते.

कारागीर चौथ्या दिवशी आला आणि त्यानं डबे बदलले. मीटरवर आकडा चढायला लागला. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. ब्याण्णववर थोडा थांबला, मग त्र्याण्णव झाला. बोटावर हळूहळू एक्क्याण्णव आलं. पप्पांनी पेपर मागितला.

त्याच दुपारी शेजारीण आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मशीन सुरू झालं. मम्मी तिला चहा देत मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होती, ‘‘मशीनचा बेड येगळा असतोय. आतमदी असतोय. आमच्या पोरीला इंग्रजी येतंय म्हणून कळलं, न्हायतर आमी बसलो असतो खाटा बदलत.’’

मी मशीनच्या मागे वाकून वाळलेला फिल्टर बसवत होते. खूप अवघडल्यासारखं झालं.

‘‘कळलं कवा, ते इचार की तिला,’’ पप्पा पेपरमागून म्हणाले.

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मम्मीही.

‘‘मला आधीच कळलं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘मग बोलायचंस की.’’

‘‘बोलले होते.’’

‘‘कवा?’’

‘‘खाट बाहेर काढताना. तू म्हणालीस, आधी ती बाजू धर.’’

मम्मीनं कप खाली ठेवला. तिला ते आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मशीन सुस्कारत होतं, पप्पांनी पान उलटलं. मला वाटलं, आता ती म्हणेल चुकलं माझं, किंवा म्हणेल चुकलं तुझं. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

‘‘एवढ्या बारीक आवाजात सांगितल्यावर कुणाला कळणार?’’ ती म्हणाली. ‘‘मोठ्यानं बोलत जा.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘हो म्हणाले.’’